शेजाऱ्याशी बोलायची टेकडी

गजभिये काकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते भिवापूरच्या पलीकडच्या एका बोडक्या टेकडीवर. हातात मासे धरायच्या गळाची लांबलचक काठी घेऊन ते उभे होते. आसपास पाण्याचा थेंब नव्हता. शेळ्या चारणारा एक म्हातारा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाबा, इथं मासे कुठचे गा?"

"वरून येतात," काका आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले.

म्हाताऱ्याने शेळ्या गोळा केल्या आणि तो पलीकडच्या उतारावर निघून गेला.

काका माझे घरमालक. प्रताप नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते, शाळेत गणित शिकवत होते आणि माझ्याकडे जुनी का होईना, गाडी होती. त्या रविवारी ते जिन्यात उभे राहून म्हणाले होते, "मास्तरीणबाई, मले एका टेकडीवर सोडून देतं का वं?" असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, म्हणून मी हो म्हटलं.

त्या काठीच्या टोकाला तार बांधलेली असायची आणि खाली पिशवीत बिनतारी यंत्र. काकांकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता. खेळ असा, की सगळं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन टेकडी चढायची, वरून हाका घालायच्या आणि कुठल्याही गावच्या चार परवानाधारकांनी उत्तर दिलं की ती टेकडी आपल्या नावावर लागली. तिघांनीच दिलं तर चढणं फुकट. "चढल्यानं टेकडी आपली होत नाही वं," ते सांगायचे. "चार जणांनी हो म्हटलं पाहिजेन." नियम म्हणजे नियम. एका टेकडीवर माथ्यापर्यंत डांबरी रस्ता होता. मी गाडीने वर जाऊन पन्हं पीत बसले आणि एकोणसत्तर वर्षांचे काका पाठीवर बॅटरी घेऊन, थांबून थांबून विचारणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्यावर खेकसत, चालत वर आले.

एकदा तार बांधताना पाहून खालच्या गावाला वाटलं, मोबाइलचा टॉवर येतोय. सरपंच नारळ आणि सत्तर सह्यांचा अर्ज घेऊन वर आले. काकांनी त्यांना समजावलं, की ते नुसते बोलायला आले आहेत. "मग फोनवर काहून नाही बोलत?" सरपंचांनी विचारलं. काका म्हणाले, "फोनवर ज्याच्याशी बोलाचं त्याच्याशीच बोलणं होते गा. इथं कोण भेटन, सांगता येत नाही." सरपंचांना ते पटलं नाही, पण आणलेला नारळ परत कुठे न्यायचा म्हणून त्यांनी तो यंत्रापुढेच फोडला.

कोण भेटेल ते मात्र काकांनाही ठाऊक नव्हतं.

आमच्या शेजारच्या घरात मुळे राहत. मधे कमरेएवढी भिंत. दोघांनी उभी हयात तार ऑफिसात एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून काढली, रेडिओचे परवानेही बरोबरच काढले. ऑफिस कायमचं बंद झालं त्या दिवशी शेवटची तार कोणी पाठवली, यावरून त्यांचं भांडण झालं. काका म्हणत मी, मुळे म्हणत मी. अकरा वर्षं बोलणं बंद. गजभिये काकू दोन्ही घरांसाठी दिवाळीचा फराळ करायच्या आणि मुळ्यांचा भिंतीवर ठेवून द्यायच्या.

एका रविवारी अशाच एका टेकडीवर काकांना भोपाळ मिळालं, हैदराबाद मिळालं, रायपूर मिळालं. चौथं कोणी मिळेना. पाऊण तास हाका मारून आवाज बसला, बॅटरी उतरत आली. आणि मग यंत्रातून एक स्वच्छ, घसा खाकरलेला आवाज आला. "आपला आवाज उत्तम येतो आहे. माझं नाव मुळे. ठिकाण प्रताप नगर, नागपूर."

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. भिंतीपलीकडचा माणूस गाठायला आम्ही पासष्ट किलोमीटर आलो होतो.

"घेऊ का याले?" त्यांनी मला विचारलं.

"नाही तर टेकडी जाईल, काका."

त्यांनी बटण दाबलं. "धन्यवाद. आपलाही आवाज उत्तम. माझं नाव गजभिये. मुक्काम..." इथे ते जरा अडखळले, "प्रताप नगर, नागपूर."

"भेटून आनंद झाला," मुळे म्हणाले.

घरी आलो तेव्हा मुळे अंगणात झाडांना पाणी घालत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण पुढच्या रविवारी मुळे यंत्रावर पुन्हा हजर, त्याच्याही पुढच्या रविवारी. आधी नुसतं नाव-गाव. मग गुडघे. मग मुळ्यांची बायको गेल्यावर ते स्वयंपाक कसा शिकले, ते. काका भर उन्हात टेकडीवर बसून त्यांना वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगत. खाली आल्यावर सगळं पूर्ववत. एकदा फाटकापाशी काका माझ्याशेजारी उभे असताना मुळे मला म्हणाले, "त्यांना सांगा, तार पूर्व-पश्चिम बांधा म्हणावं." काका म्हणाले, "त्याले सांग, मले ऐकू येऊन राहिलं."

मग न्हाणीघरात घसरून काकांच्या पायाचं हाड मोडलं. प्लास्टर चढलं. तीन रविवार गेले. चौथ्या शनिवारी मुळे जिना चढून माझ्या दारात आले. पोट सुटलेले, टेकडी म्हणून कधी न चढलेले. हातात गळाची काठी, नवीकोरी, किमतीची चिठ्ठी तशीच.

"गाडी काढाल का?" त्यांनी विचारलं.

त्यांना माथ्यावर पोचायला अडीच तास लागले. वाटेत दोनदा ते म्हणाले, "मला इथेच सोडा." वर पोचल्यावर धाप लागलेल्या आवाजात त्यांनी एकच हाक मारली. घरी काका पलंगावर यंत्र घेऊन बसलेच होते.

"गजभिये साहेब," मुळे म्हणाले, "शेवटची तार तुमचीच होती."

यंत्र खरखरलं. मग काका म्हणाले, "चूक. मी नंतर रजिस्टर पाह्यलं होतं. तुमचीच होती."

"अहो, तुमची होती!"

"तुमची हाय म्हणतो ना मी! काहून वाद घालून राहिले?"

हे भांडण वीस मिनिटं चाललं. मधे इंदूरच्या कुणी तरी दोघांना शांत राहायची विनंती केली. परतताना मुळे गाडीत ताठ बसून होते. "अत्यंत हट्टी माणूस," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत उमरेडपर्यंत हसत राहिले.

हिवाळ्यात काका झोपेतच गेले. प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भंतेजींची बुद्धवंदना झाली. मुळे फाटकापर्यंत आले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि परत गेले. थोड्या वेळाने टेबलावरचं यंत्र बोलायला लागलं. ते बंद कसं करायचं हे काकूंना माहीत नसल्यामुळे तसंच चालू राहिलं होतं. भिवापूरहून आलेली काकांची बहीण दचकून भिंतीला टेकली.

"माझं नाव मुळे," आवाज म्हणाला. "ठिकाण प्रताप नगर, नागपूर." मग काही नाही. खरखर. पुन्हा, "माझं नाव मुळे..." आणि शब्द तुटला. खिडकीतून बघितलं असतं तर भिंतीपलीकडे ते दिसले असते.

काकू उठल्या. टेबलापाशी आल्या. "बोलाचं कसं असते वं याच्यात?" त्यांनी मला विचारलं. मी बटण दाखवलं. त्यांच्याकडे परवाना नव्हता; बोलणं कायद्याने गुन्हा होता.

"मुळे भाऊजी," काकू बटण घट्ट दाबून, लांबच्या गावाला हाक मारावी तशा मोठ्याने म्हणाल्या, "आवाज येऊन राहिला तुमचा. चहा ठेवला हाय. या."

खरखर थांबली. मग बाहेर फाटकाची कडी वाजली.