करडाएवढी नात

अक्कलकोटकडच्या त्या गावात सिद्धम्माची जीभ तिच्या शेळ्यांच्याही पुढं पळते, असं लोक म्हणतात. म्हणेनात का! त्या दिवशी ती जीभ गप्प बसली असती तर तिची नात हातची गेली असती.

घरात सगळ्यांना खरूज झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं. सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत लावा, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा, असं बजावलं होतं. पण सिद्धम्माचा नवरा मल्लिनाथ मलम चोळत कशाला बसतोय! शेळ्यांना औषध पाजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. करडू नुसतं उचलून तो डोस ठरवायचा आणि पाजून झालं की त्याच्या तोंडात गुळाचा खडा सारायचा. गावानं वाखाणून वाखाणून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं.

सिद्धम्मा रानातून आली तेव्हा चार वर्षांची महेश्वरी उंबऱ्याशी पेंगत होती. उठवली तर तिचे पाय लटपटले आणि ती भडाभडा ओकली.

"काय खाल्लंस गं?"

"अज्जानं गूळ दिला."

सिद्धम्मा तशीच घरात बसलेल्या अज्जाकडं, आपल्या नवऱ्याकडं वळली. आपल्या घरात गूळ कशाच्या मागून मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अवं, शेळ्याचं औषध पाजलंत व्हय हिला?"

"करडाएवढी तर हाय," मल्लिनाथ म्हणाला. "करडाला देतो तेवढंच दिलं की. औषधाचा दुकानदार धुळाप्पाबी म्हणला, शेळीची न् माणसाची खाज तीच, औषध तेच."

"पोर हाय ती! करडू न्हाय!"

ती अशी कडाडली की शेजारचा मडिवाळप्पा जीप काढूनच दारात आला. निघताना तिनं औषधाची बाटली तेवढी आठवणीनं कमरेला खोचली.

"बाटली आणलीत ते बरं केलं, काय पोटात गेलंय ते कळलं," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे जनावरांचं औषध, माणसासाठी नाहीच. एवढ्याशा पोरीला आम्ही माणसांची गोळीसुद्धा देत नाही. म्हणून तर मलम दिलं होतं ना?"

मल्लिनाथ पोरीचं पांघरूण सारखं करू लागला. एवढा बाप्या माणूस, आणि मलम चोळायचा कंटाळा! संताप येणार नाही तर काय? पोरीची गुंगी उतरेपर्यंत सिद्धम्मा खाटेशी बसून धुळाप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली.

पोर वाचली. घरी आल्यावर सिद्धम्मानं तिला नीट मलम लावलं. मल्लिनाथला राहवेना. गुळाचा खडा घेऊन तो पुढं झाला.

"घे गं बाळ."

महेश्वरीनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं आणि ती आजीच्या मागं दडली.

सिद्धम्माच्या ओठांवर शिव्यांची रास होती. पण त्यातली एकही बाहेर पडली नाही.

"करडूबी एवढं भीत न्हाय तुमाला," ती म्हणाली.