रुमालाखालचा हात

सांगलीच्या चर्चच्या पाळकानं मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक उलटं सांगतात. म्हणतात, मांग व्यापारी तो, देवळातही घासाघीस करायला गेला.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. लोणंदला घ्यायचं, आटपाडीला विकायचं. कधी उलट. बापाला दोरखंड वळणं आणि दुसऱ्याच्या लग्नात हलगी वाजवणं एवढंच ठाऊक. मला कुणी धंदा शिकवला नाही. एका करडापासून मी कळप केला.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला उभ्या असलेल्याला फक्त हलणारा रुमाल दिसतो. सौदा दोघांतच राहतो.

माझा पहिला बाजार आटपाडीचा. बोकड चांगलं होतं, काळंभोर. आष्ट्याकडचा एक बागाईतदार आला. दात बघितले, पाठ दाबली. त्याला आवडलं. मी हात पुढं केला, वर रुमाल टाकला.

तो असा मागं सरला, जसा काही रुमालाखाली साप आहे.

"हात मागं घे रं. तोंडानं बोल. तोंड दिलंय न्हवं देवानं?"

माणसं हसली. मी तोंडानं बोललो. माझा भाव अख्ख्या बाजारानं ऐकला. शेजारच्यानं लगेच त्याच्याहून उतरता सांगितला. मग मीही उतरलो. आणखी उतरलो. आणि एवढा सगळा वेळ रुमाल माझ्या हातावर पडून होता. मढ्यावर टाकल्यासारखा.

पुढं वर्षानुवर्षं मी उघड्यावर सौदा केला. दुसरे गुपचूप हात दाबत, मी ओरडत असे. ओरडून ओरडून जीभ तिखट झाली. दोन वाक्यांत समोरच्याला उघडा पाडायला शिकलो. लोक मला भांडकुदळ म्हणू लागले. म्हणू देत. ज्याच्या हाताला हात मिळत नाही, त्यानं तोंड वापरायचं नाही तर काय करायचं?

चीनची लढाई झाली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाळक आटपाडीच्या बाजारात आला. मिशनच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या नाताळच्या जेवणाला त्याला बोकडं पाहिजे होती. उंच, गोरा, पांढरा सदरा. त्याच्या आजानं वतन सोडून ख्रिस्ताचं नाव घेतलं, असं लोक सांगत. वतन सुटलं होतं. चाल सुटली नव्हती. चालताना माणसं आपोआप बाजूला होत.

मी सवयीनं मोठ्यानं भाव सांगितला. तो म्हणाला, "असं नको. रीतीनं करू."

त्यानं हात पुढं केला. स्वतःचा. खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून वर टाकला आणि खाली माझा हात धरला.

मी म्हणालो, "साहेब, मी मांग हाय."

तो म्हणाला, "मी विचारलं का?"

मऊ हात होता, पण पकड घट्ट होती. माझी बोटं भाव विसरली. उभ्या आयुष्यात आपखुशीनं एकच सौदा मी हरलो, तो हा. बोकडं पडेल भावात दिली आणि मोकळ्या हातानं घरी आलो.

बायकोला, रखमाला सांगितलं, "आज एका माणसानं माझा हात धरला."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्यात काय? मी रोज धरते."

"तुझं येगळं."

"व्हय. माझं फुकटचं."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी त्या माणसाच्या मागं जायचं ठरवलं होतं.

बाजारात माझा एक जोडीदार होता, शिवराम. त्याची महारवाड्यातली माणसं छप्पन साली बौद्ध झाली होती. त्याला मी पाळकाचं सांगितलं. तो बिडी विझवून म्हणाला, "गड्या, एका धन्याच्या दारातनं उठून दुसऱ्याच्या दारात कशाला बसतूस?"

"तुमीबी एका माणसाच्या मागनंच गेलासा की."

"गेलो. पर तो आमच्यातला हुता. आमचा चटका त्याच्या अंगाला बसलेला. तुझ्या पाळकाला कवा बसला?"

मला राग आला. मी म्हणालो, तुला जळतंय. तो म्हणाला, "मेंढरं हाकून हाकून तूच मेंढरू झालास, रं." महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आमच्या वस्तीत मार्थाबाई यायची. बायबलबाई म्हणत तिला. चालत यायची, खांद्याला पिशवी, टाचांना भेगा. आमच्याच जातीत जन्मलेली, मिशनमध्ये वाढलेली. रखमाच्या हातचं पाणी प्यायची आणि येशूच्या गोष्टी सांगायची. एक गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. महारोगी येतो. लोक लांब होतात. येशूला नुसत्या शब्दानं त्याला बरं करता आलं असतं. पण तो हात पुढं करतो आणि त्याला शिवतो.

"समद्यांसमोर?" मी विचारायचो.

"समद्यांसमोर," ती म्हणायची.

त्या गोष्टीनं मला धरलं. आणि गोष्टीतला हात म्हटलं की मला इस्त्रीच्या रुमालाचा हात दिसायचा. मार्थाबाईचा दिसायचा नाही.

दर रविवारी एसटीनं सांगलीला जाऊ लागलो. पाळक चांगलं बोलायचा. ख्रिस्तात सगळे एक, असं म्हणताना त्याचा आवाज भरून यायचा. बाप्तिस्मा न झालेल्यांनी प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूची भाकरी वाटायच्या, आधी देवळाबाहेर जायचं, असा नियम होता. आम्ही जायचो. चिंचेखाली बसून आतलं गाणं ऐकायचो. आत काय चालतं, ते आम्ही कधी बघितलं नाही. न बघता सौदा केला. जनावराचे दात बघितल्याशिवाय दावं न धरणारा मी.

बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आणि बापाची हलगी मी गावाला परत केली. सांगितलं, आता दुसरा कोणी शोधा. गाव चिडलं. त्याहून भावकी चिडली. आई धाकट्या भावाकडं राहायला गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "मी मेले तर मातीला येऊ नगंस." पावसाळ्यात ती गेली. मला कुणी कळवलं नाही. लोणंदच्या बाजारात परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. कळप सोडून धावलो, तोवर मातीही वाळली होती.

एवढं देऊन मी त्या देवळात पाय ठेवला.

बाप्तिस्मा झाला. माझा, रखमाचा, पोरांचा. डोक्यावर पाणी पडलं. मला वाटलं, संपलं सगळं. आता बाहेर जायचं नाही. त्याच उपासनेत आमचं पहिलं प्रभुभोजन होतं.

आधी जुनी घराणी पुढं गेली. वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकले, हात पसरले. पाळक एकेकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवत होता. त्याची बोटं तळहातांना लागत होती. मी नीट बघत होतो. मग पुढची रांग. मग शाळामास्तर, नर्सबाया. सगळ्यांत शेवटी आम्ही, वस्तीवरची माणसं. आमच्यात मार्थाबाई. मला ते खटकलं. पण म्हटलं, नवी माणसं मागं असणारच. ती नवी नव्हती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पाळक आमच्या रांगेशी आला आणि त्याचा हात वर उचलला गेला.

फार नाही. वीतभर. तिथून तुकडा सोडला. पहिल्याच्या हातात पडला. दुसऱ्याच्या हातात पडला. मार्थाबाईनं डोळे मिटून झेलला. रखमाला झेलायचं माहीत नव्हतं. तिचा तुकडा बोटांवर आपटून फरशीवर पडला.

पाळक थांबला नाही.

रखमानं खाली वाकून तो तुकडा उचलला, पदराला पुसला आणि खाल्ला. प्रभूचं शरीर म्हणून सांगितलं होतं ना तिला. खाल्ला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आवं, त्यांनी टाकला."

लहानपणी वाड्याच्या मागच्या दारी आम्ही असेच हात पसरायचो. वरून शिळं पडायचं. पडलं ते आपलं, निसटलं ते कुत्र्याचं. मी माझ्या बायकोला एसटीत बसवून, नवं लुगडं नेसवून त्याच दारी आणलं होतं.

माझी पाळी आली. मी मूठ मिटली. आणि बाजारातल्या आवाजात म्हणालो, "पाळकसाहेब, हातावर ठिवा."

पेटी वाजायची थांबली.

तो दबक्या आवाजात म्हणाला, "इथं सौदा करायचा नसतो."

"सौदा न्हाई. हातावर ठिवा."

तो माझ्यावरून पुढं गेला. मंडळीचे दोन पंच आले आणि दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेले. म्हणजे दंड धरता येत होता.

उपासना सुटल्यावर त्यानं मला बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं. रागावला नव्हता. ते जास्त वाईट होतं. म्हणाला, "मी भेद मानत नाही, तुला माहीत आहे. पण मंडळीत जुनी घराणी आहेत. एकच हात तुमच्या हातांना लागून मग सगळ्यांच्या द्राक्षारसाच्या प्याल्याला लागला, तर ती उठून जातील. देऊळ रिकामं पडेल. हळूहळू होईल. तू तरी समजून घे. आटपाडीच्या बाजारात तुझा हात मी हातात घेतला होता. विसरलास?"

"न्हाई इसरलो," मी म्हणालो. "रुमालाखाली घेतला हुता."

त्यानं हात पाठीमागं घेतले.

मलाही ते बोलताना कळलं. आधी कळलं नव्हतं. भर बाजारात त्यानं माझा हात धरला होता आणि एकाही माणसाला तो दिसला नव्हता. बाजाराला दिसला तो पाळकाचा पांढरा रुमाल. माझा हात त्याच्याखाली होता. ज्या हाताच्या मागं मी आईची माती सोडून आलो, तो हात झाकलेला होता.

पायऱ्यांशी मार्थाबाई उभी होती. मी तिलाच धारेवर धरलं.

"बाई, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर आला असता का?"

मग ती म्हणाली, "दादा, मी भाकर बघते. हात बघत न्हाई."

"मी हात बघतो. माझा धंदाच हाताचा हाय."

शिवरामला कळलं. मला वाटलं, आता टोमणा मारील. मारला नाही. म्हणाला, "चल आमच्याकडं. आमच्यात वरनं टाकत न्हाईत." त्याचं बोलणं खरं होतं. मी बराच विचार केला. पण मग त्या महारोग्याची गोष्ट काय करू? ती मला पाळकानं दिली नव्हती. ज्यानं सगळ्यांसमोर हात लावला, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मधे उभा राहून हात वर उचलणाऱ्याशी. मी शिवरामला म्हणालो, "मी का पळू? जागा अडवलीय त्यानं. त्यानं सरकावं."

तेव्हापासून दर प्रभुभोजनाला मी पुढं जातो. माझ्या शेजारी रखमा. गुडघे टेकतो. हात पसरतो. पाळकाचा हात वर उचलला की आम्ही दोघं मूठ मिटतो. तुकडा मुठीवर आपटून खाली पडतो. उचलत नाही. रखमाही उचलत नाही. पहिल्या वर्षी आम्ही दोघंच होतो. आता आमच्या रांगेत बऱ्याच मुठी मिटतात. गेल्या ईस्टरला मार्थाबाईनं डोळे मिटले नाहीत.

आता हा पाळक निवृत्त होतोय. साताऱ्यात त्याचा सत्कार आहे. परवा दोन पंच मला शोधत लोणंदच्या बाजारात आले. दंड धरणारे तेच दोघं. जेवणाला बोकडं पाहिजेत म्हणाले. आणि माझी साक्ष पाहिजे.

"कसली साक्ष?"

"पाळकसाहेबांनी आटपाडीच्या भर बाजारात तुमचा हात कसा हातात घेतला, ते सांगा. त्यांच्या प्रवचनात किती वेळा ऐकलंय आम्ही. साताऱ्यात सांगितलं, मिरजेत सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं हो."

मी विचारलं, "रुमालाचं सांगतात का?"

ते एकमेकांकडं बघू लागले.

"कसला रुमाल?"

बोकडं मी दिली नाहीत. साक्ष देतोय. ही माझी साक्ष आहे आणि साताऱ्याच्या मांडवात मी ती उघड्यावर सांगणार आहे, भाव सांगत आलो तशी. मला खाली बसवायचं असेल तर हाताला धरून बसवा.

पाळकसाहेब, गावोगाव तुम्ही माझा हात दाखवलात. रुमाल दाखवला नाहीत. आईची माती, रखमाचा पडलेला तुकडा, मार्थाबाईचे मिटलेले डोळे दाखवले नाहीत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. हार घालून घ्या, शाल घ्या. मग उभे राहा आणि सगळ्यांसमोर सांगा, कुणाला भिऊन हात वर उचललात? त्यांची नावं घ्या. त्यांत तुमचं असेल, तर तेही घ्या.