बॅटरीला कुंकू

आमचे हे निवृत्त होणार म्हटल्यावर शेजारणींनी मला आधीच धीर देऊन ठेवला होता. पुरुषमाणूस दिवसभर घरात बसला की डोक्याला ताप, म्हणे. आमचे हे घरात बसलेच नाहीत. एक जुना टेम्पो घेऊन ते शिवाजीनगरातल्या एका गॅरेजात गेले. त्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, टपावर सोलर टाकलं आणि ते प्रकरण चामराजपेटेतल्या आमच्या बोळात आणून उभं केलं. कोपऱ्यावरचा कानडी नारळवाला तेव्हापासून मला विचारतो, "अक्का, आज याव मनेत स्वयंपाक?" म्हणजे, आज कुठल्या घरात?

ह्या घराच्या पाठीला दोन इलेक्ट्रिक सायकली टांगलेल्या असतात. त्या माझ्या हट्टाच्या. घर मोठं, रस्ते अरुंद आणि माझे गुडघे नावापुरते. सायकलवर बसलं की मोटर काम करते, गुडघे आपले सोबतीला येतात.

गेल्या दसऱ्याला त्या सायकलींवर माझी फार मदार होती. माझी थोरली बहीण, अक्का, आनेकलच्या पलीकडे शेतावरच्या घरात एकटी राहते. तिचे यजमान गेले आणि तिनं फाटकाबाहेर पाऊल टाकायचं सोडलं. वर्ष सरलं, तरी तेच. आम्ही लग्नाचं बोलावणं केलं, बारशाचं केलं, डोळ्यांच्या डॉक्टरचं निमित्त केलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "तुम्ही या. मी कुठं येत नाही." पूर्वी ही बाई भाजी आवडली नाही म्हणून दुसऱ्या बाजारापर्यंत चालत जायची. मला तिची काळजी वाटायची आणि तितकाच रागही यायचा. निदान दसऱ्याचं सोनं तरी तिच्या हातात द्यायचं, असं मी ठरवलं होतं. पण तिच्या घराची वाट नाचणीच्या शेतांमधून जाते, तिथं टेम्पो शिरत नाही. म्हणजे सायकली हव्यात आणि सायकलींना बॅटऱ्या.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. सगळा बोळ आपापल्या गाड्या धुऊन, झेंडू बांधून, चाकाखाली लिंबं ठेवून बसला होता. मीही टेम्पोला हार घातला आणि दोन्ही बॅटऱ्या पाटावर मांडल्या. ह्यांना त्या चार्जिंगला लावायच्या होत्या.

"आज हत्यारांना विश्रांती," मी म्हटलं.

"अगं, बॅटरी काय हत्यार आहे?"

"मला अक्काकडे नेते ना? मग आहे!"

मी हात आखडता न घेता पूजा केली. ओलं गंध, हळद, कुंकू, वर अक्षता. चार्जरची पिन जाते ते भोक अगदी मध्यावर, सजवायला सोयीचं होतं.

दसऱ्याला सकाळी ह्यांनी बॅटऱ्या गाडीतल्या इन्व्हर्टरवर लावल्या. चार्जरवर लगेच हिरवा दिवा. "बघ, फुल्ल आहेत!" म्हणून वाटभर शीळ वाजवत गाडी हाकली. शेताच्या तोंडाशी सायकली उतरवल्या, बटण दाबलं. ढिम्म. मग ह्यांना आठवलं, की बॅटरीत वीज जात नसली तरी तो दिवा हिरवाच राहतो. भोकात डोकावून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर नाचणीकडे वळवली. आत कुंकवाचा चिखल आणि त्यात रुतलेले तांदूळ.

हे खराट्याची काडी घेऊन कोरत बसले. "मी एकटा चालत जाऊन सोनं देऊन येऊ का?" असंही म्हणाले. माझ्या बहिणीला सोनं मी देणार होते, मी अजिबात तयार झाले नाही. शेवटी अक्काला फोन केला.

"बॅटरीला कुंकू?" ती कडाडली. "तुला अक्कल केव्हा येणार गं? आणि हे गुडघे घेऊन चालत येऊ नकोस, सांगून ठेवते!" फोन बंद.

मला रडूच आलं. सणाच्या दिवशी ती तिकडे एकटी, मी इकडे, आणि मधे एवढीशी वाट. तेवढ्यात हे ओरडले, "लागला! लाल लागला!" लाल म्हणजे चार्ज होतंय. तासाभरात निघता आलं असतं. मी डोळे पुसून खिडकीबाहेर पाहिलं, तर नाचणीच्या मधून कुणीतरी झपाझप येत होतं. हातात डबा, डोक्यावर पदर. अक्का.

मी जवळचं स्टीलचं ताट उचललं आणि चार्जरवर पालथं घातलं.

"अगं, काय करतेस?"

"गप्प बसा."

अक्का आत आली ती बोलतच. "नाही म्हटलं तरी स्वल्प होळगी केलीच होती. कोण खाणार एवढी?" स्वल्प, म्हणजे थोडीशी, म्हणणाऱ्या बाईचा डबा पुरणपोळ्यांनी गच्च भरला होता. तिच्या कमरेला किल्ली खोचलेली होती. घराला कुलूप लावून आली होती. मी वाकून नमस्कार केला, तिच्या तळहातावर सोन्याची पानं ठेवली आणि तो हात मला सोडवेना.

"पुरे," ती म्हणाली. "ताट आण, वाढते." आणि मी उठायच्या आत तिनं ते पालथं ताट उचललं.

खाली लाल दिवा. ह्यांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं पाहिलं. अक्कानं दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर शेतावरचा पंप चालवलेली बाई, तिला लाल-हिरव्यातलं सगळं कळतं.

तिनं ताट सावकाश, होतं तसं पुन्हा दिव्यावर पालथं घातलं.

"म्हणजे आज काही तुम्हाला माझ्याकडे यायला जमत नाही," ती ह्यांना म्हणाली. "सरी, ठीक आहे. काढा मग गाडी, मीच येते."