आठ तुकड्यांतला खण

साक्षीदार बाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, दंडाकडे बघत होती. मी तिच्या दंडाकडे बघितलं आणि पेन हातातच राहिलं. आम्हा दोघींचे ब्लाउज एकाच कापडाचे होते. पांढऱ्यावर बारीक निळी बुट्टी.

एप्रिलची दुपार, लाईट गेलेली. एरवी माझा ब्लाउज काळ्या कोटाखाली झाकलेला असायचा. पण उकडतंय म्हणून मी नुकताच कोट काढून खुर्चीला अडकवला होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी तेव्हा दिवाणी न्यायाधीश होते, नवी नवी. आता निवृत्त होऊन नातवंडांच्या भांडणांचे निकाल देते, ते कोणी पाळत नाही. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. न्यायाधीशानं कसं वागावं याचे नियम मी हातानं लिहून आरशावर चिकटवले होते. कोणी वकील नरसीच्या देवळात जाऊन आला आणि प्रसादाचा पेढा पुढे केला, तर मी तो परत करायची. नवऱ्याला ताकीद होती, बाजारात वकील दिसला तर नमस्कार करायचा नाही. बिचारा वांगी निरखत उभा राहायचा.

त्याच आरशासमोर, ते नियम वाचत वाचत, मी सकाळी तो ब्लाउज घातला होता.

खण आला होता चैत्रातल्या हळदीकुंकवातून. आमच्या गल्लीत ‘पिंटूच्या आई’ राहायच्या. त्यांनी बोलावलं, मी गेले. भिजवलेले हरभरे, पन्हं, ओटीत नारळ आणि हा खण. हळदीकुंकवाला नाव कोण विचारतं? तिथं सगळ्या कोणाच्या तरी आई असतात. मी शिंप्याकडं खण टाकून मोकळी झाले.

आणि आता पिंटूच्या आई माझ्यासमोर साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. कागदावर त्या होत्या वादी, म्हणजे दावा लावणाऱ्या, सुनंदाबाई. गोरेगावकडं त्यांच्या नावावर शेत होतं. त्यांच्या बांधावरून जैतूनबी नावाची म्हातारी आपल्या शेतात बैलगाडी नेत असे. ती बंद करावी म्हणून त्यांनी कायमचा मनाई हुकूम मागितला होता. तेवढी एकच वाट. ती बंद झाली तर जैतूनबीचा पेरा बुडणार. दावा माझ्या आधीच्या साहेबांच्या वेळचा, सुनंदाबाई कोर्टात पहिल्यांदाच आलेल्या. दावा माझ्यापुढं आहे, हे ओटी भरताना त्यांना ठाऊक होतं का? आजही मला सांगता येणार नाही.

मी काय केलं? पदर ओढून दोन्ही खांदे घट्ट लपेटून घेतले. मोठी शूर.

मागच्या बाकावरून जैतूनबी म्हणाली, “बाईसाहेब, थंडी वाजून राहिली का तुमाला?”

कोर्टात कोणी हसलं नाही. तेच वाईट होतं. मी कामकाज थांबवलं, चेंबरमध्ये जाऊन जिल्हा न्यायाधीश साहेबांना फोन लावला.

“सर, पक्षकाराकडून माझ्याकडं एक खण आलाय.”

“कसला खण?”

“ब्लाउजचा. ओटीतला.”

“मग परत करा.”

“सर, शिवलाय. अंगात आहे.”

“अहो, मग घरी जाऊन उसवा. आणि आज जे झालं ते दोन्ही बाजूंसमोर सांगून रोजनाम्यात लिहा.” रोजनामा म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय घडलं याची नोंद.

“सर, माझी बदली होईल का?”

“केसची होईल, जर तुम्ही मागितली तर. तुमची कशाला?”

जेवणाच्या सुट्टीनंतर मी कोट घालून बसले आणि सगळं सांगितलं. हळदीकुंकू, हरभरे, खण. तो उसवून परत करणार, हेही. सुनंदाबाईंचे वकील म्हणाले, “मॅडम, बायकांचा सण तो. आमची काही हरकत नाही.”

“जैतूनबी, तुमची?”

“माझी काहून राहील? तुमीच निकाल द्या बाईसाहेब. दुसऱ्या कोर्टात गेलं की तारखा पडतील, मग मे महिन्याची सुट्टी. पेरा कधी करू मी?”

दोघांचीही हरकत नाही. किती सोपं होतं. पण जिची वाट माझ्या निकालावर अडलेली आहे, तिनं दिलेली परवानगी मी कशी धरायची? आणि निकाल तिच्या बाजूनं दिला तरी मला कळलं नसतं, तो पुराव्यानं दिला की माझी अब्रू वाचवायला. मी केस दुसऱ्या कोर्टाकडं पाठवायची विनंती लिहिली. तिच्याच खाली लिहिलं की पेरणी तोंडावर आहे, लवकर ऐकावी. जैतूनबी मान हलवत गेली. तिच्या पाठीकडं बघून मला रडू येत होतं.

घरी जाऊन ब्लेडनं शिवण उसवायला बसले. नवरा म्हणाला, “पेढ्याचं बरं होतं, तो उसवावा लागत नव्हता.” तुकडे इस्त्री करून बेलिफाच्या हाती, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणाऱ्या माणसाच्या हाती, पाठवले. सुनंदाबाईंनी पोच दिली: ‘खण एक, आठ तुकड्यांत मिळाला.’ ती मी फाईलला लावली.

साहेबांनी केस तीन दिवसांत हलवली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या न्यायाधीशांनी निकाल दिला, जैतूनबीची वाट कायम राहिली. पेरा वेळेवर झाला.

त्यानंतर मी जिथं जिथं बदलून गेले तिथं हळदीकुंकवाला उंबऱ्यातच यजमानीणबाईंचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव आणि शेताचा गट नंबर विचारायची. “बाई कुंकवाला आल्या की समन्स घेऊन?” असं मागून बोलायच्या बायका. बोलू देत. पाकिटातून आलेलं नाकारायला अक्कल लागत नाही. प्रेमानं पदरात पडलेलं कोणाकडून आलं, हे विचारायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडं एका ब्लाउजाइतकी उशिरा आली.

पेरणीनंतर जैतूनबी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही रिकामे तळहात माझ्यासमोर धरले.

“बघा बराबर, बाईसाहेब. काही आणलं न्हाई. पुन्हा उसवत बसाल.”