माझ्या हातानं गेलेली पेटी

मायची हिरवी पत्र्याची पेटी मी स्वतः उचलून चुकीच्या गाडीत चढवली. ती जायची होती आमच्या कारमधून पुण्याला. गेली टेम्पोतून कळमनुरीला.

त्या दिवशी डोंगरकड्याचं आमचं घर बंद होत होतं. धाकटी बहीण वंदना घटस्फोटाचा कागद हातात आल्यावर वर्षभर माहेरी राहिली होती. आता लहानग्या लेकीला, आरोहीला घेऊन ती कळमनुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला निघाली होती, आणि माय आमच्याकडे येणार होती. मी बायकोसह पुण्याहून आलेला थोरला भाऊ, त्यामुळे अंगणात मुकादमी करत होतो. टेम्पोजवळ दिसेल ते उचललं. टेम्पो बाळापूरच्या रस्त्याला लागल्यावर माय म्हणाली, "आरं, माझी पेटी?"

मी कपाळावर हात मारला, किल्ली काढली.

"तू काहून तकलीफ घेतो? मीच जाते. चार दिवस लेकरापाशी राहून पेटी घेऊन येते."

ते चार दिवस अजून चालू आहेत. दोन वर्षं झाली.

पुण्यात मायसाठी आम्ही खोली तयार केली होती. पूर्वेची खिडकी, बुटका पलंग, बाथरूममध्ये धरायला दांडा. त्या दांड्यावर आता माझे मोजे वाळतात. बावीस वर्षांत माय आमच्या फ्लॅटमध्ये सलग आठ रात्रींच्या वर राहिली नाही. "दारं लावूनच बसायचं तं शेजारी कशाला?" म्हणायची. आणि तिकडं वर पत्रे, नळाला दिवसाआड पाणी, तरी बाईंना काही तकलीफ न्हाई!

गाव सोडलेल्या माझ्यासारख्यांना कळेल म्हणून सांगतो, मी जळतो. जिचा संसार मोडला त्या सख्ख्या बहिणीवर पन्नाशीचा माणूस जळतो.

वंदी आधी दुसऱ्याच्या ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरायची; आता तिचं स्वतःचं शटर आहे. परवा भाऊबीजेला आम्ही दोघं गेलो, तर सणाच्या दिवशीही ते उघडं. एक बाई 'पतीचे नाव' या रकान्याला अडखळली. वंदी कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाली, "वडलाचं टाकू का ताई? माझ्या बी फॉर्मवर तेच हाय." बाईचा चेहरा सैल झाला. पायरीवर माय आरोहीची वेणी घालत बसलेली, नंबराच्या बाया तिच्याभोवती. दोन वर्षांत अर्धी कळमनुरी तिला नावानं ओळखते. मला आमचा वॉचमन अजून 'बी सातशे दोन' म्हणतो.

ओवाळून झाल्यावर मी म्हणालो, "माय, चल ना आता. पेटी मी उचलतो."

"तू उचलली की येकदा," माय म्हणाली. वंदी खो-खो हसली. मग माय हळू म्हणाली, "ही दिवसभर कामाला. लेकरू कोनापाशी ठेवावं? तुह्या घरी मी नुसती बसून राहीन रे."

निघताना तिनं करंज्यांचा डबा आणि घरची हळद बांधून दिली. सासरी निघालेल्या लेकीसारखा मी दारात घुटमळलो. माहेर आता मला झालंय, बहिणीच्या भाड्याच्या खोलीत.

परतीच्या वाटेवर मी नेहमीचं उगाळलं, "त्या दिवशी मी पेटी बराबर गाडीत ठेवली असती तर..."

बायकोनं मांडीवरचा करंज्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला. मग म्हणाली, "अहो, टेम्पोजवळ ती मीच नेऊन ठेवली होती. सासूबाईंनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, 'त्याला विचारलं तं रडंल. आपुनच चुकलो असं वाटू दे त्याला.'"