घरचंच रक्त

आमचा जीवराम म्हणजे धरणगावचा पहिला एम.डी. मुंबईच्या कॉलेजात रक्ताचे रोग शिकवायचा. काचेवरचा एक थेंब दुर्बिणीखाली धरला की माणूस न बघता रोग सांगायचा. माणूस न बघता! ह्याचंच गावाला कोण कौतुक. मी त्याची थोरली बहीण वच्छला. त्याचा शेंबूड मी पुसलाय, म्हणून मी बोलते.

चोपन्न सालच्या हिवाळ्यात माय थकायला लागली. तोंड पांढरंफटक, ओट्याच्या दोन पायऱ्या चढली की धाप. धाकटा हिलाल मुंबईला जाऊन त्याला सांगून आला. पण जीवरामला परीक्षा, सभा, सत्कार, वेळ कुठला! त्याने हिलालजवळ काचपट्ट्या आणि सुई दिली, थेंब कसा पसरायचा ते शिकवलं. म्हणाला, "नुसतं रक्त पाठव, बाकी मी बघतो."

मायने सुई बघितली आणि हात पदरात घेतला. "अंगमा आधीच रगत नही, त्यामा हाई बी काढी लेस का?"

हिलालची बायको भिकुबाई खात्यापित्या अंगाची. तिने आपलं बोट पुढे केलं. "आपन बठ्ठा एकच चुलावर जेवतस ना? मंग रगत येगळं कसं ऱ्हाई?" हिलाललाही ते पटलं. टोचलं, पसरलं, पोस्टात टाकलं.

उत्तर आलं: रक्त उत्तम, आईला काही झालेलं नाही, वयाचं आहे. झालं! माय जरा टेकली की घरातलं कुणीतरी म्हणणार, "मुंबईचा रिपोर्ट चांगला शे ना!" मग ती बिचारी उठायची. लेक एवढा शिकलेला, तो खोटं कशाला लिहील, म्हणून कापूस वेचायला जायची.

वैशाखात आखाजीच्या सणाला मी माहेरी आले. जीवरामही आला, आदल्या दिवशी जळगावात डॉक्टरांपुढे भाषण ठोकून. त्यात तीच काच दाखवली म्हणे. "हे माझ्या आईचं रक्त. साठीत असं रक्त मुंबईतही मिळत नाही." टाळ्या पडल्या.

दारात मायला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पापणी ओढून बघितली, स्वतः थेंब घेतला, भाषणासाठी आणलेल्या दुर्बिणीखाली धरला. इंजेक्शनांनी बरा होणारा रोग होता, हिवाळ्यात दिली असती तर. आता हृदयच थकलं होतं. काच कुणाच्या रक्ताची ते बाहेर आलं, तसा तो भिकुबाईवर असा कडाडला की ती रडत चुलीपाशी जाऊन बसली. मला तर त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

मायने खाटेवरून हाक मारली. "तिले काय बोलस रे? तुले रगत पाहिजे व्हतं, तिनी दिधं. माय कशी शे, हाई तू कव्हय इचारं?"

एवढा मोठा प्रोफेसर, खाटेशी उकिडवा बसला. "माय, कशी शेस तू?"

"आते बरी शे," माय म्हणाली.

पोळ्याच्या आधी गेली.