नामदेवभाऊंचं चांदणं

नामदेवभाऊ चांदणं रंगवायचे ते भर दुपारी. वडशाला आमच्या नाटक कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये अंगाची लाही लाही व्हायची आणि हा माणूस जमिनीवर पसरलेल्या पडद्यावर अनवाणी बसून निळ्यात पांढरा कालवत असायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "रातच्याले बसलो त चांदनंच पाहत राहीन. काम कोन करन?"

मी कंपनीची नायिका. त्यांच्या पडद्यांपुढे कित्येक हंगाम हसले, रडले, मेलेसुद्धा. भाऊंच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणून नाही. "पोरी, तू लय हालते. मांगं जंगल हाय, त्याले बी दिसू दे जरा."

एका वर्षी प्रेमाच्या प्रवेशासाठी त्यांनी नवा पडदा केला. मोहाची झाडं, चांदण्यात पांढरी पडलेली पायवाट आणि तिच्या टोकाला एक अंधारी झोपडी. पाहून मालकांचं तोंड उतरलं.

"भाऊ, हे त सुतकातलं घर वाटते. खिडकीत एक दिवा टाका." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

"नाई टाकत," भाऊ म्हणाले. "दिवा जळून राह्यला म्हणजे घरचं कोनी अजून बाहेर हाय. सगळे आले, जेवले, मंग दिवा मालवते मानूस. हे सुखाचं घर हाय, मालक."

मालक हट्टाला पेटले, भाऊ त्यांच्याहून. शेवटी पडदा तसाच लागला. त्याच्यापुढे मला आवाज चढवावासाच वाटेना. संवाद आपोआप हळू झाले आणि शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प बसून राहिली.

भाऊंच्या मुलाची गोष्ट मला त्यानंतर कळली. मिरची तोडायला तो तेलंगणात गेला होता. गावची टोळी परत आली, तो आला नाही. भाऊ सीमेवरच्या सिरोंच्याच्याही पुढे जाऊन शोधून आले होते. ते ऐकलं आणि त्या पडद्यापुढे प्रेमाचे संवाद म्हणणं मला फार जड जाऊ लागलं.

गेल्या पावसाळ्यात भाऊ काविळीने गेले. नंतर मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा दुपार होती, तरी ओसरीत बल्ब जळत होता. निघताना सवयीने माझा हात बटनाकडे गेला.

"राहू दे," त्यांची बायको म्हणाली. "पोरगा आला त त्याले दिसलं पायजे, माय अजून जागी हाय."